पाण्याखालची फोटोग्राफी: हाउसिंग आणि स्ट्रोब घेतलाय? मग या चुका टाळा

मराठवाड्याला समुद्र नाही. लातूरनं तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. तरी दर दिवाळीनंतर आमच्याकडची दोन-चार पोरं नवं हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणीबंद पेटी) आणि स्ट्रोब (पाण्याखाली चालणारा फ्लॅश) घेऊन मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट नाहीतर अंदमान गाठतात, आणि परत आली की तेच फोटो दाखवतात. हिरवट पाणी, मासा म्हणून एक करडा डाग आणि सगळीकडं पांढरे ठिपके. काहींकडं फोटोही नसतात, नुसता मेलेला कॅमेरा असतो. मग दोष समुद्राला, नाहीतर कंपनीला. खरं तर यातलं बहुतेक काम कोरड्या जमिनीवर, घाईत बिघडलेलं असतं.

हाउसिंग बोटीवर उघडणं

बीडकडचा एक पोरगा तारकर्लीला आमच्यासोबत होता. रात्रीच सगळं बंद करून ठेव म्हटलं, तर उत्तर आलं, "सर, सकाळी पाच मिनिटांचं काम आहे." सकाळी बोट निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कॅमेऱ्यात कार्डच नाही. बॅगेत दुसरं होतं. खाऱ्या पाण्याचे हात गमजाला पुसले, हाउसिंग उघडलं, कार्ड घातलं, खटकन बंद केलं आणि उतरला. दोन-तीन मीटरवरच आत गळतीचा इशारा देणारा लाल दिवा लुकलुकायला लागला. त्याला वाटलं स्ट्रोबचं काहीतरी असेल, म्हणून तो तसाच खाली गेला. वर आल्यावर पोर्टमध्ये, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेच्या भागात, अर्धा कप पाणी होतं. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या खाचेतल्या रबरी कडीवर, गमजाचा एक धागा आडवा पडला होता, बस.

नवशिक्यांना वाटतं, गळती खोल गेल्यावर होते. बऱ्याचदा उलटं असतं. खोलीवर पाण्याचा दाब झाकण आणखी घट्ट दाबतो. पृष्ठभागाजवळ दाब कमी असतो, ओ-रिंग नीट बसलेली नसते, आणि केसाएवढी फट तिथंच पाणी घेते. म्हणून बोटीवरच्या बादलीत हाउसिंग बुडवून मिनिटभर बुडबुडे बघायला लाजू नका.

ग्रीस हा दुसरा गैरसमज. पाणी ग्रीस अडवत नाही, ओ-रिंग अडवते. ग्रीसमुळं ती फक्त खाचेत सरकून नीट बसते. चमक येण्यापुरतं बोट फिरवलं की झालं. जाड थर दिला की धूळ, वाळू, केस सगळं चिकटतं. आणि ग्रीस हाउसिंगसोबत आलेलंच वापरा. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल कपाटातच राहू द्या. ओ-रिंग काढायला टाचणी घेणाऱ्यांना मी माझ्या हाउसिंगला हात लावू देत नाही. जुनं एटीएम कार्ड पुरतं.

माझी पद्धत अशी: रात्री जेवण झाल्यावर पंखा बंद, हात धुतलेले, समोर टॉवेल नाही. ओ-रिंगवरून डोळे मिटून बोट फिरवायचं, कारण डोळ्यांना न दिसणारा कण बोटाला लागतो. मग खाच टॉर्चनं बघायची. बॅटरी आणि कार्ड आत, एक फोटो काढून बघायचा, आणि मगच झाकण. त्यानंतर डाइव्ह संपेपर्यंत ते उघडायचं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

नव्या हाउसिंगची चाचणी मात्र गावाकडंच करा, आणि त्यासाठी विहिरीसारखी जागा नाही. कॅमेरा न घालता आत टिश्यू पेपर ठेवा, बंद करा, दगड बांधा (रिकामं हाउसिंग तरंगतं) आणि दोरानं खाली सोडा. दिवाळीच्या सुमाराला विहिरीत तीस-पस्तीस फूट पाणी असलं तर तळाशी वरच्या जवळपास दुप्पट दाब मिळतो. अर्ध्या तासानं ओढून काढा, बाहेरून पुसा, उघडा. टिश्यू कोरडा तर कॅमेरा घालायला हरकत नाही. यासाठी स्वतः विहिरीत उतरायची गरज नाही, आणि वापरात नसलेल्या विहिरीत तर अजिबात उतरू नका. तिथल्या वायूनं माणसं जातात.

स्ट्रोब लेन्सला चिकटवणं

हा माझा सगळ्यात जुना राग. स्ट्रोबचा हात म्हणजे आर्म महाग वाटतो, म्हणून स्ट्रोब हाउसिंगच्या डोक्यावरच बसवतात. "सर, सरळ माशावर मारला तर चालतंय ना?" नाही चालत. लेन्स आणि मासा यांच्यामध्ये पाणी आहे, पाण्यात गाळ आणि प्लवक आहे. प्रकाश लेन्सच्या शेजारूनच निघाला की मधला प्रत्येक कण उजळून थेट लेन्सकडं परततो. उसाच्या हंगामात ट्रॉलीमागच्या धुळीत गाडीचा अप्पर लावून बघा, समोरचा रस्ता दिसायचा बंद होतो. ते पांढरे ठिपके म्हणजे तेच. त्याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि फोटोशॉपमध्ये एकेक ठिपका पुसत बसणं ही शिक्षा आहे.

स्ट्रोब बाजूला न्या, हाताच्या लांबीएवढा. पोर्टच्या रेषेत किंवा जरा मागं ठेवा आणि तोंड सरळ किंवा किंचित बाहेर वळवा. माशावर प्रकाशाच्या झोताची फक्त कड पडायला हवी, मधला भाग नको. इथं हात आपोआप चुकतो, कारण सपाट काचेतून पाण्यातली वस्तू साधारण पाव अंतरानं जवळ दिसते. तुम्ही दिसणाऱ्या माशावर नेम धरता, स्ट्रोब आत वळतो आणि उजळतं ते माशाच्या पुढचं पाणी.

एवढं करूनही लांबून काढलात तर काही उपयोग नाही. पाणी लाल रंग आधी खातं, पाच-सहा मीटरवर तो जवळपास संपतो. स्ट्रोब तो परत आणतो, पण त्याचा प्रकाश जायला आणि यायला असं दोनदा पाणी कापतो. मीटर-दीड मीटरपलीकडं त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. जवळ जा, मग अजून जवळ जा. चार-सहा मीटर दिसलं तर मालवणात चांगला दिवस म्हणायचा, तिथं झूम करून काय मिळणार?

सराव पोहण्याच्या तलावात होतो. दोरीला लाल प्लास्टिकचा मग बांधून सोडा, स्ट्रोब डावीकडं, उजवीकडं, वर असा हलवत फोटो काढा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. पावसाळ्यानंतरची गढूळ विहीर तर त्याहून चांगली, ठिपके लगेच दिसतात. ओट्यावर बसून, हाउसिंग हातानं बुडवूनही हे जमतं. हे न करता थेट अंदमानचं विमान पकडणाऱ्यांची मला गंमत वाटते. एवढे पैसे देऊन माणूस तिथं काय शिकतो, तर स्ट्रोबचा स्क्रू कुठं पिळायचा.

स्ट्रोब उडतोय, फोटो काळा

फायबर ऑप्टिक केबलवर चालणारा स्ट्रोब कॅमेऱ्याचा फ्लॅश बघून उडतो. कॅमेरा टीटीएलवर (फ्लॅशची ताकद कॅमेरा स्वतःच ठरवतो ती पद्धत) असेल तर आधी एक छोटा प्रीफ्लॅश मारतो. स्ट्रोब मॅन्युअलवर असला आणि त्याला प्रीफ्लॅश ओळखायची सेटिंग नसली, तर तो तिथंच रिकामा होतो आणि खऱ्या फोटोच्या वेळी अंधार. कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअल, कमीत कमी ताकदीवर ठेवा. कॅमेऱ्याची बॅटरीही टिकते.

बोअरच्या पाण्यानं धुणं

हे खास आपल्याकडचं. किनाऱ्यावर गोड्या पाण्यात धुतात, घरी आल्यावर आपण पुन्हा बोअरचं पाणी मारतो. आपलं बोअर किती जड असतं ते गिझरची कॉइल काढून बघा. तेच क्षार बटणांच्या दांड्यांवर आणि डोमवर (घुमटाच्या आकाराच्या पोर्टवर) पांढरे बसतात, आणि महिन्याभरात बटण दाबलेलंच राहतं. शेवटचं धुणं जारच्या पाण्यानं करा. निदान अर्धा तास बुडवून ठेवा, आत असतानाच प्रत्येक बटण पाच-दहा वेळा दाबा, सावलीत वाळवा. घासून काढलेल्या डोमचे ओरखडे जात नाहीत.

पोर्टला आतून धुकं धरतं तेव्हा दोष बाहेरच्या नाही, आत कोंडलेल्या दमट हवेचा असतो. आपली हिवाळ्यातली कोरडी हवा इथं वरदान आहे, किनाऱ्याची नाही. तिथं एसी चालू असलेल्या खोलीत बंद करा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची ताजी पुडी टाका.

स्ट्रोबला साधे अल्कलाइन सेल नकोत, चांगले रिचार्जेबल घ्या. शटर १/२०० सेकंदाच्या आसपास ठेवा. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. विहिरीत जड वाटलेलं हाउसिंग समुद्रात थोडं हलकं वाटेल, खाऱ्या पाण्याची घनता जास्त असते. आणि तरंगता येत नसेल तर कॅमेरा बोटीवर ठेवा. प्रवाळावर गुडघे टेकून फोटो काढणाऱ्याला मी फोटोग्राफर म्हणत नाही. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

पाणी शिरलंच तर

पोर्ट खाली करा, म्हणजे पाणी कॅमेऱ्याऐवजी पोर्टमध्ये साचेल. घाबरून वर झेपावू नका, नेहमीच्या वेगानंच या. कॅमेरा गेला तर दुसरा मिळतो, फुप्फुस मिळत नाही. वर आल्यावर बाहेरून पुसून, पोर्ट खालीच ठेवून उघडा, कॅमेरा बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा. पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा, त्यातच उरलेलं जळतं. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, तांदूळ मात्र वाया जातो. पाणी स्ट्रोबच्या सेलकप्प्यात गेलं असेल तर आत वायू साचलेला असू शकतो. त्याचं झाकण तोंडापासून लांब धरून, हळूहळू सैल करा.