काडतुसातील गोळीचा रनआउट कसा मोजावा आणि कसा घालवावा

अमेरिकेत घरच्या प्रेसवर रायफलची काडतुसे भरणे हा जुना छंद आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत, त्यामुळे पुढील मजकूर तिकडच्या नेमबाजांसाठी आहे. गोळीचा अक्ष केसच्या, म्हणजे दारू भरायच्या पितळी नळीच्या, अक्षाशी जुळत नसेल, तर गोळी बॅरलमध्ये किंचित तिरकी शिरते आणि लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट पसरण्याची शक्यता वाढते. हा तिरकेपणा रनआउटने मोजतात.

लेथवर डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापक) लावून जॉबचा आउट काढणाऱ्या पुण्या-कोल्हापूरच्या कारागिराला ही मोजणी परकी वाटणार नाही. काडतूस दोन व्ही-ब्लॉकवर आडवे ठेवावे, एक आधार बुडाजवळ आणि दुसरा खांद्याच्या, म्हणजे केस निमुळती होते त्या भागाच्या, अलीकडे. डायलचे टोक गोळी निमुळती होऊ लागते तिथे टेकवून काडतूस बोटाने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावे. काट्याच्या कमाल आणि किमान रीडिंगमधला फरक म्हणजे रनआउट; अक्ष प्रत्यक्षात त्याच्या निम्माच सरकलेला असतो. गोळीच्या टोकाकडे जावे तसा तिरकेपणा मोठा दिसतो, म्हणून डायलची जागा दर वेळी तीच असावी. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसात ०.००३ इंचापर्यंतचा रनआउट शिकारीच्या रायफलीला खुशाल चालतो; बेंचरेस्टचे, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून अचूकतेसाठी झाडणारे, नेमबाज मात्र ०.००१ ते ०.००२ इंचाच्या आत राहण्याचा प्रयत्न करतात.

दोष कुठे शिरतो हे शोधण्यासाठी तीच केस प्रत्येक टप्प्यावर मोजावी: उडवल्यानंतर, साइझिंगनंतर (केस डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणल्यावर) आणि गोळी बसवल्यानंतर. चेंबरमधून निघालेल्या केसचा नेक, म्हणजे गोळी धरणारे अरुंद तोंड, बहुधा सरळ असतो. साइझिंगनंतर तो बिघडला, तर पहिला संशय एक्स्पांडर बॉलवर (नेक आतून मापात उघडणाऱ्या डायमधल्या गोळ्यावर) घ्यावा, कारण परत येताना तो नेकला एका बाजूला ओढू शकतो. नेकच्या आत थोडे वंगण लावावे, एक्स्पांडरच्या दांड्याचा लॉकनट सैल ठेवून दांड्याला स्वतःहून मधोमध येऊ द्यावे किंवा बॉल काढून टाकून मँड्रेल (नेक आतून उघडणारी वेगळी सरळ दांडी) वापरावा. नेकची भिंत एका बाजूला जाड असेल, तर यांपैकी कशानेही पूर्ण गुण येत नाही. अशा केसचा नेक टर्न करावा, म्हणजे बाहेरून तासून सारख्या जाडीचा करावा, किंवा ती बाजूला काढावी. नेक सरळ असूनही गोळी तिरकी बसत असेल, तर सीटिंग स्टेम (गोळी केसमध्ये दाबणारा दांडा) गोळीच्या आकाराशी जुळतो का ते पाहावे. गोळी अर्धी बसवून केस अर्धा फेरा फिरवावी आणि मग पूर्ण बसवावी, असे पुष्कळ जण करतात; त्याचा फायदा मात्र दर वेळी दिसेलच असे नाही.

भरलेले काडतूस सरळ करणारी साधने मिळतात. त्यांत उंच बाजूवर खूण करून स्क्रूने हलका दाब देतात आणि पुन्हा मोजतात. पितळ थोडे मागे येते, म्हणून दाब टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. दाबल्याने नेकची गोळीवरची पकड बदलू शकते, त्यामुळे हा शेवटचा उपाय मानावा. काडतूस जिवंत आहे हे विसरू नये: चष्मा घालावा, प्रायमरवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) काहीही टेकू देऊ नये, आणि पक्कड किंवा हातोडी तर जवळही ठेवू नये. ०.००५ इंचाहून अधिक वाकडी काडतुसे सरळ करत बसण्यापेक्षा वेगळी ठेवून स्कोप जुळवण्यासाठी वापरावीत.