कोल्हापूरचं लायसन, जर्मनीचा रस्ता

‘जाताना आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढ, वर्षभर टेन्शन नाही.’ जर्मनीला निघालेल्या प्रत्येकाला कोल्हापुरात हा सल्ला कुणीतरी देतंच. २०२४मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर तर मला हेच जास्त ऐकू येतं. परमिटवर एक वर्षाची मुदत असते, हे खरं. पण जर्मनीत राहायला आल्यापासून भारतीय लायसनवर गाडी चालवायला ६ महिनेच मिळतात, परमिट असो वा नसो. परमिट म्हणजे तुमच्या लायसनचं भाषांतर. त्यानं मुदत वाढत नाही. सातव्या महिन्यात स्टिअरिंगला हात लावलात तर तो विनापरवाना वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा होतो. तिथं पावती फाडून सुटता येत नाही.

निघण्यापूर्वी इथंच दोन गोष्टी बघा. एक, लायसनवर एलएमव्ही (म्हणजे हलकी चारचाकी) आहे का? स्प्लेंडर-बुलेटवर वाढलेल्या अनेकांच्या कार्डावर फक्त दुचाकी असते आणि ‘मला चारचाकी येते की’ एवढ्या जोरावर ते विमानात बसतात. लर्निंग लायसन तिथं चालत नाही. लर्निंगनंतर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, म्हणून व्हिसा आल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही. ‘पुढच्या दिवाळीला सुट्टीवर आलो की काढू’ हेही डोक्यातून काढा. तिथं राहायला गेल्यानंतर इथं काढलेलं लायसन ते धरत नाहीत. दोन, कार्डावरचं नाव पासपोर्टशी जुळवून घ्या. एकीकडं वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडं नाही, एवढ्यावरही अर्ज रखडतो.

तिथली कागदपत्रं सोपी आहेत: चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स, बायोमेट्रिक फोटो, लायसनचं भाषांतर आणि शहराच्या परवाना कार्यालयात अर्ज. परीक्षेशिवाय लायसन बदलून देण्याच्या त्यांच्या यादीत भारत नाही, त्यामुळं लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र नवशिक्यांना सक्तीचे असलेले तास तुम्हाला माफ असतात. ‘सगळं पॅकेज घ्यावंच लागेल’ असं सांगणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमधून सरळ उठा आणि दुसरं शोधा. थोडे तास तुम्ही स्वतःहून घ्याच, पण किती घ्यायचे ते तुमचं गाडी चालवणं बघून ठरू दे.

लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. ३० प्रश्न, १० दोषगुणांपर्यंत (चुकलेल्या प्रश्नांचे गुण) पास. पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले की तेवढ्यावरच नापास. ॲपवर सराव करा, होते.

आता प्रत्यक्ष परीक्षा. ५५ मिनिटं. शेजारी तुमचा शिक्षक, मागच्या सीटवर परीक्षक. सगळ्यांना भीती वाटते ती डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची आणि उजव्या हातानं गिअर टाकायची. ती भीती फुकटची आहे, हात आपोआप शिकतो. शिकत नाही ती मान.

जिथं सिग्नल नाही, पाटी नाही, अशा चौकात उजवीकडून येणारा आधी जातो. वाचायला एक ओळ, पण अंगवळणी पडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो याच नियमाला, आणि आपली बरीच मंडळी नापास होतात तीही इथंच. कारण आपल्या मनात रस्त्याची उतरंड पक्की बसलेली आहे: सरळ जाणारा मोठा, गल्लीतून येणारा धाकटा. राजारामपुरीच्या मेन रोडवरून जाताना सातव्या गल्लीतून कोण येतंय म्हणून आपण कधी ब्रेकवर पाय ठेवतो? चौकात आधी कोण जाणार हे हॉर्न ठरवतो, नाहीतर केएमटीची बस. तोच नियम २०१७पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९८९च्या रस्तानियमांतही होता बरं का: मुख्य रस्ता नसेल तिथं उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. कुणी देत नाही, हा भाग वेगळा.

जर्मनीतल्या ३०च्या (ताशी ३० किमी वेगमर्यादेच्या) झोनमध्ये सरळ रुंद रस्त्यालाही उजवीकडून एक बारकी गल्ली येऊन मिळते, आणि तिच्यातून येणारा तुमच्या आधी जातो. तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून ही गल्ली तुमच्या अगदी खेटून असते. त्यात कडेला लावलेल्या गाड्यांमुळं तिचं तोंड शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. म्हणून समोर कुणी नसलं तरी वेग कमी करा, पाय ब्रेकवर आणा आणि मान उजवीकडं वळवा. नुसते डोळे फिरवू नका. परीक्षक मागं बसलेला असतो, त्याला तुमची मान दिसते. गल्ली रिकामी होती आणि तुम्ही ३०नंच निघून गेलात, तर तेही चूक.

मात्र हेच सगळीकडं करत सुटू नका. पांढऱ्या काठाचा पिवळा चौकोन कोनावर उभा दिसला, तर तो रस्ता तुमचा. तिथं कचरत गेलात तर परीक्षक तेही टिपतो. लाल त्रिकोणात जाड बाण असेल तर फक्त पुढच्या चौकापुरता आधी जायचा हक्क तुमचा. लाल त्रिकोणात फुली म्हणजे पुढं उजवीकडच्याला वाट द्या. फूटपाथची कड उतरती करून काढलेल्या वाटेवरून किंवा शेताच्या कच्च्या रस्त्यावरून येणारा मात्र उजवीकडून आला तरी थांबतो. आणि डावीकडचा तुमच्यासाठी थांबला असेल तर जा! ‘जावा की तुम्ही’ हा आपला कोल्हापुरी पाहुणचार परीक्षेच्या दिवशी घरी ठेवा.

सराव कसा करायचा? कोल्हापुरात गाडी चालवताना हा नियम पाळून बघू नका, मागचा येऊन आदळेल. दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून उजवीकडची प्रत्येक गल्ली मोठ्यानं मोजा. लोक हसतील, हसू देत. तिथं पोचल्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या आसपासच्या ३०च्या झोनमध्ये पायी फिरा आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून आधी कोण जाईल ते ठरवा. यूट्यूबवर तासन्‌तास व्हिडिओ बघण्यापेक्षा हे बरं.

बाकीचं थोडक्यात. वळताना, लेन बदलताना, कडेची गाडी काढताना खांद्यावरून मागं बघायचं, फक्त आरसा पुरत नाही. उजवीकडं वळताना तर हमखास सायकलवाला असतो. सायकलला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर. स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. शिक्षकाला ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथंच संपली. सूचना जर्मनमध्ये असतात, पण लागणारे शब्द मोजकेच: रेश्ट्स (उजवीकडं), लिंक्स (डावीकडं), गेराडेआउस (सरळ). परीक्षक काहीच बोलला नाही तर सरळ जायचं. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत आणि स्कूलमध्ये गिअरच्या गाडीचे ठरलेले तास व चाचणी केली नसेल, तर लायसनवर ७८ हा आकडा पडतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही, तेव्हा स्कूल निवडतानाच याचा विचार करा.

पास झाल्यावर नवीन कार्ड देताना तुमचं भारतीय लायसन काढून घेतात. त्याची दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स निघण्यापूर्वीच काढून घरी ठेवा आणि ते डिजिलॉकरमध्येही घेऊन ठेवा.