गाडी स्वतः ब्रेक मारते, म्हणून या चुका करू नका

एईबी, म्हणजे आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक असलेली गाडी घेतली की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. "उगाच ब्रेक मारते" आणि "मारायला हवा तेव्हा मारतच नाही". दोन्हींचं मूळ एकच आहे.

काचेमागचा कॅमेरा समोर काय आहे ते ओळखतो. बंपर किंवा लोगोमागचं रडार ते किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येतंय ते मोजतं. तुम्ही ताशी ७२ किमीने जाताय आणि ४० मीटरवर गाडी उभी आहे, तर धडकेला फक्त २ सेकंद उरलेत. हा आकडा खाली येत गेला की आधी बीप, मग बहुतेक गाड्यांत हलका ब्रेक, आणि तरीही तुम्ही ढिम्म असाल तर जोराचा ब्रेक. यंत्रणा मुद्दामच उशिरा जागी होते. लवकर ब्रेक मारला, तर तुम्ही बाजूने निघून जाणार होतात तेव्हाही गाडी मध्येच थांबेल आणि मागचा येऊन आदळेल. खोटा ब्रेक आणि हुकलेला ब्रेक यांच्यात तडजोड करूनच तिची संवेदनशीलता ठरवलेली असते.

"एईबी आहे, थांबेल की" असं धरून वेग वाढवणं

कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर ताशी ५० किमीवरून थांबायला ब्रेक लागल्यानंतर साधारण १२ मीटर लागतात, १०० वरून जवळजवळ ४८. वेग दुप्पट, अंतर चौपट. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०२२ साली चार गाड्या तपासल्या. उभ्या गाडीकडे ताशी सुमारे ४८ किमीने जाताना २० पैकी १७ वेळा धडक टळली, ६४ किमीला फक्त ६ वेळा. चौकात आडव्या येणाऱ्या गाडीच्या चाचणीत तर एकदाही टळली नाही.

क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप राखणारी सोय) लावून निर्धास्त होणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. रस्त्यावरचे फलक, कठडे, पुलाचा लोखंडी सांगाडा, सगळ्यांवरून रडारची लहर परत येते. प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालवणंच अशक्य होईल, म्हणून जास्त वेगात स्थिर वस्तूंचे बरेचसे संकेत गाळले जातात. त्यात बंद पडलेला ट्रकही गाळला जाऊ शकतो. पुढची गाडी अचानक लेन बदलते आणि तिच्याआड उभा असलेला ट्रक समोर येतो, तेव्हा कॅमेऱ्यालाही तो ओळखायला फारसा वेळ मिळत नाही. अशा वेळी वाचवतं ते तुम्ही आधीच राखलेलं अंतर.

रात्री पादचारी दिसेलच असं मानणं

एएएच्याच २०१९ च्या चाचण्यांत अंधारात पादचारी ओळखणं जवळजवळ निकामी ठरलं होतं. त्यानंतर यंत्रणा सुधारल्या, पण २०२५ मध्ये अमेरिकेच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने एक चक्रावणारी गोष्ट दाखवली. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या लावलेला पुतळा तीनपैकी दोन गाड्यांना नीट ओळखता आला नाही. माणसाला तो आधी दिसावा म्हणून लावलेल्या पट्ट्यांनी यंत्राला मात्र गोंधळात टाकलं.

बीप ऐकून पाय भलतीकडे

दचकून ॲक्सिलरेटर दाबला किंवा स्टिअरिंग जोरात फिरवलं, तर बऱ्याच गाड्या "चालक सावध आहे" असं समजून ब्रेक सोडतात. ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल थरथरलं तर तो एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असते, पाय उचलू नका. गाडी थांबल्यावरही काही मॉडेल्स थोड्याच वेळात ब्रेक मोकळा करतात, तेव्हा पाय तिथेच असू द्या.

एईबीचा इशारा-दिवा लागला की थेट गॅरेज

आधी कॅमेऱ्यासमोरची काच आतून-बाहेरून पुसा, रडारवरचा चिखल किंवा बर्फ काढा, लोगोवर किंवा बंपरवर चिकटवलेलं स्टिकर असेल तर तेही. समोरून ऊन थेट डोळ्यांत येत असेल किंवा मुसळधार पाऊस असेल, तर थोडं थांबा, इशारा अनेकदा आपोआप जातो. स्थैर्य नियंत्रणाचं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं, ईएससीचं) बटण चुकून बंद झालंय का तेही पाहा, काही गाड्यांत त्याबरोबर एईबीही बंद होतं. इंजिन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही दिवा राहिला, तर मग गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकातला दोष स्कॅन करून घ्या.

पुढची काच बदलली, बंपर रंगवला किंवा सस्पेन्शनची उंची बदलली असेल, तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा-रडारची दिशा पुन्हा अचूक जुळवणं, हवंच. दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक असं नव्हे. कॅमेरा किंचित तिरका बसला, तरी दूरवरची गाडी तो शेजारच्या लेनमध्ये पाहतो. बिलावर कॅलिब्रेशनची नोंद आहे का, ते गाडी ताब्यात घेण्याआधीच विचारा.

आणि खोका किंवा मित्र समोर उभा करून चाचणी? अजिबात नको. मॅन्युअलमधली मर्यादांची पानं वाचा. गाडी टो करताना किंवा स्वयंचलित धुलाईत घालताना एईबी बंद करायचं की नाही, तेही तिथेच लिहिलेलं असतं.