कोकणातल्या आंबट मातीला चुना: कधी, किती आणि कसा

हे सगळं जांभ्या मातीसाठी आहे हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, रायगडातला जांभ्याचा पट्टा आणि घाटावर म्हणाल तर आजरा, चंदगड, महाबळेश्वरकडची भरपूर पावसाची तांबडी जमीन. सोलापूर, नगर, मराठवाड्यातल्या काळ्या रानात हे वाचून चुना टाकायला जाऊ नका, तिथे बहुतेक ठिकाणी मातीतच चुनखडी असते, सामू (pH, माती किती आंबट ते सांगणारा आकडा, सातच्या खाली म्हणजे आंबट) आठच्या आसपास, त्यात वरून चुना म्हणजे लोह आणि जस्त अजून अडकणार आणि पीक अजून पिवळं पडणार. शंका असेल तर मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर तिच्यात चुना आहे, विषय संपला. पण फसफसली नाही म्हणजे ती आंबटच आहे असंही नाही, त्याला टेस्ट लागते.

आपल्याकडे माती आंबट का होते तर पाऊस. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त, एवढं पाणी वर्षानुवर्षं मातीतून खाली जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतं, मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम. त्यात आपण दरवर्षी युरिया टाकतो, तोही हळूहळू आम्लता वाढवतो. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळं आखूड, जाड, तपकिरी होतात, उपटून बघितलं तर बारीक केसमुळं दिसतच नाहीत. आणि तुम्ही विकत आणून टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियम धरून ठेवतं, पिकाला मिळतच नाही. खत टाकूनही पीक उठत नाही अशी तक्रार असते ना, त्यात बऱ्याचदा हे कारण असतं, आणि लोक त्यावर अजून खत टाकतात.

म्हणून आधी माती परीक्षण. अंदाजाने चुना टाकू नका, हे मी हात जोडून सांगतोय. पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी, एका सारख्या दिसणाऱ्या तुकड्यातून आठ-दहा ठिकाणची माती घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्हीसारखा १५ ते २० सेंटिमीटर खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत माती खुरप्याने तासून घ्यायची. बांधाजवळची, झाडाखालची, शेणाचा ढीग होता तिथली आणि जिथे राब भाजला (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळला) तिथली नको, राखेने सामू वर दिसतो आणि रिपोर्ट फसवा येतो. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरून लेबल लावून द्या. वरकस (वरच्या उताराच्या) जमिनीची आणि खालच्या मळ्याची माती वेगळी द्यायची, एकत्र करू नका.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मृद आरोग्य पत्रिकेवर १२ गोष्टी येतात, त्यात सामू असतो पण चुना किती लागेल ते नसतं. त्याची वेगळी चाचणी असते, ती मागून घ्यावी लागते, देताना 'चुन्याची गरज पण काढून द्या' असं स्पष्ट सांगा. कारण दोन शेतांचा सामू सारखाच ५.२ असला तरी रेताड शेताला चुना कमी लागतो आणि चिकण किंवा जास्त सेंद्रिय पदार्थ असलेल्या शेताला बराच जास्त. नुसत्या सामूवरून डोस ठरत नाही तो यामुळे.

डोसचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे रिपोर्टमध्ये निघालेली पूर्ण गरज शेतभर पसरून मातीत मिसळायची, ती हेक्टरी २ टन निघाली तर गुंठ्याला साधारण २० किलो. दुसरा म्हणजे पेरणीच्या वेळी सरीत थोडा थोडा, हेक्टरी २ ते ४ क्विंटल, म्हणजे गुंठ्याला २ ते ४ किलो, आणि हे प्रत्येक पिकाला करायचं. माझं मत विचाराल तर आपल्या चार-पाच गुंठ्यांच्या कुणग्यांना (लहान शेततुकड्यांना) दुसरा रस्ताच बरा, पैसे एकदम जात नाहीत, गाडीरस्ता नसलेल्या जागी डोक्यावरून गोणी न्यायच्या तर तेवढंच जमतं, आणि जास्त पडायची भीती राहत नाही.

चुना कुठला घ्यायचा यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. शेतीसाठी सगळ्यात सोयीची ती चुनखडीची बारीक पावडर किंवा डोलोमाईट. डोलोमाईटमध्ये मॅग्नेशियमपण असतं आणि आपल्या धुपलेल्या मातीला तेही कमीच असतं, त्यामुळे दोन्ही मिळत असतील तर डोलोमाईट घ्या. कळीचा चुना (भाजलेली चुनखडी) आणि विरवलेला चुना (कळीच्या चुन्यावर पाणी टाकून केलेला) जास्त जोरकस असतात, १०० किलो शुद्ध चुनखडीचं काम ७४ किलो विरवलेला किंवा ५६ किलो कळीचा चुना करतो, पण ते बियाणं आणि कोवळी मुळं जाळू शकतात, त्यामुळे सरीत बियाण्याजवळ फक्त चुनखडीची पावडरच. दुकानात फक्की म्हणून जे मिळतं ते नक्की कशाचं आहे ते विचारून घ्या. घेताना चिमूटभर बोटांत चोळून बघा, पिठासारखी लागली पाहिजे, रव्यासारखी कचकच लागली तर घेऊ नका, जाड कण वर्षानुवर्षं मातीत तसेच पडून राहतात आणि तुम्ही त्यांचेही पैसे मोजलेले असतात. शिंपल्यांची पावडरही चालते, तोही कॅल्शियम कार्बोनेटच, पण नुसते फोडलेले तुकडे टाकून काही होत नाही. चुलीतली राख चालते, पालाशही (पोटॅश) मिळतं, पण ताकद चुन्याच्या निम्म्याहूनही कमी, परसातल्या भाजीला ठीक, शेताला पुरणार नाही. आणि जिप्सम म्हणजे चुना नव्हे! जिप्समने सामू वाढत नाही.

भुईमुगाला दोन्हीची गरज पडते म्हणून लोकांचा घोळ होतो. भुईमुगाची शेंग कॅल्शियम मुळावाटे घेत नाही, जमिनीत गेलेली आरी (फुलानंतर खाली सुटणारा दांडा) आणि शेंग आजूबाजूच्या मातीतून थेट ओढून घेते, तिथे कॅल्शियम नसेल तर शेंगा पोचट राहतात. म्हणून पेरणीआधी चुना सामूसाठी आणि फुलोऱ्यात आऱ्या सुटताना झाडांच्या बुंध्याशी जिप्सम, अशी दोन वेगळी कामं आहेत. चुन्याने मुळावरच्या गाठीही चांगल्या धरतात, आंबट मातीत गाठी करणारे जिवाणू नीट काम करत नाहीत. चवळी, कुळीथ, वाल यांनाही हेच लागू.

पावसाळी भातासाठी मात्र मी चुन्यावर फार खर्च करा म्हणणार नाही. खाचरात पाणी साचलं की काही आठवड्यांत आंबट मातीचा सामू आपोआप सहा-साडेसहाच्या पुढे सरकतो. पाणी उतरलं की पुन्हा पहिल्यासारखा. म्हणजे चुन्याचा खरा फायदा भातानंतरच्या पिकाला. उन्हाळी भुईमूग जानेवारीत पेरणार असाल तर भात कापल्यावर नोव्हेंबरात मातीत ओल असतानाच चुना टाकून पॉवर टिलर फिरवा, दीड-दोन महिने मिळतात, झकास काम होतं. वाल, पावटा, कुळीथ ओलीवर लगेच पेरायचा असतो, तिथे थांबायला वेळ नाही, म्हणून तिथे सरीतली बारीक पावडर. भाजीपाल्याला लागवडीच्या निदान तीन आठवडे आधी. अननसाला नको, त्याला आंबटच माती आवडते.

टाकायचं काम वारा नसताना सकाळी करा. तुकड्याचा चुना मोजून दोन वाटे करा, एक उभा पसरा आणि दुसरा आडवा, म्हणजे सगळीकडे सारखा पडतो. मग लगेच वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये मिसळा. चुना मातीत स्वतःहून खाली फार हळू जातो, वर तसाच पांढरा ठेवलात आणि उताराची जमीन असली तर पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीत सगळा पऱ्ह्यात (ओढ्यात). आणि माती कोरडी ठणठणीत असेल तर काहीच होत नाही, ओल पाहिजेच.

युरिया, शेणखत आणि चुना एकाच दिवशी टाकू नका, विशेषतः विरवलेला चुना, नत्र अमोनिया होऊन उडून जातं, वास येतो तेव्हा पैसेच उडत असतात. सुपर फॉस्फेटही चुन्यात मिसळू नका, स्फुरद पुन्हा अडकतं. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. रॉक फॉस्फेट (स्फुरदाचा दगड दळून केलेलं खत) वापरत असाल तर त्याला आंबट मातीच लागते, त्या तुकड्यात चुना नको.

डोळे सांभाळा. चष्मा, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि पोरांना लांब ठेवा. कळीचा चुना पाण्याने उकळतो, घामाच्या अंगावर पडला तरी भाजतो. डोळ्यात गेला तर चोळू नका, साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं सतत धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

सामू सातपर्यंत न्यायच्या मागे लागू नका. सहा-सव्वासहा खूप झाला, त्यापुढे जस्त, बोरॉन, लोह कमी पडायला लागतं आणि कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी पडतात, मग ते निस्तरणं चुना टाकण्यापेक्षा कठीण. आपल्या पावसात टाकलेला चुना पुन्हा धुऊन जातोच, तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी त्याच तुकड्यातली माती त्याच महिन्यात तपासायला द्या आणि जुना रिपोर्ट जपून ठेवा, नवीन आकड्याशी ताडून बघितला की पुढच्या वेळी किती टाकायचा ते कळतं.