ट्रॉमा कोर्स करा, पण सलाइनची लाइन चालत्या गाडीत लावा

अँब्युलन्स स्टेशनवर आलेलं प्रत्येक नवं पोरगं विचारतं, ‘दादा, पीएचटीएलएस करू का?’ म्हणजे हॉस्पिटलआधी जखमींना सांभाळायचा कोर्स. कर. पण आधी वर्षभर गाडीवर काढ. सर्टिफिकेटसाठी धावणाऱ्यांना स्ट्रेचरसुद्धा नीट लावता येत नाही, हे मी पाहिलंय.

कोर्स दोन दिवसांचा, कार्ड चार वर्षांचं. एटीएलएस हा जखमींच्या उपचारांचा दुसरा कोर्स, तो डॉक्टरांसाठी असतो. पॅरामेडिकला त्यात फक्त ऐकायला बसता येतं, कार्ड मिळत नाही. ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

फायदा झाला का? झाला. धो-धो वाहणारं रक्त आधी थांबवायचं, एअरवे म्हणजे श्वासाची वाट नंतर, हा क्रम तिथेच हातात बसला. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, रील बघून शिकू नका. बांधल्याची वेळ लिहायची राहतेच.

आता माझी चूक. कोर्सनंतर तिसऱ्या आठवड्यात घोडबंदर रोडवर, गायमुखच्या उतारावर बाइक कंटेनरखाली गेली. पोरगा पंचविशीचा. पोट टणक, मनगटाला नाडी लागेना. माझे हात शिवशिवत होते. रस्त्यातच गुडघे टेकून लाइन लावायला बसलो. पहिली शीर फुटली, दुसरीही फुटली. पायलटकाका, म्हणजे आमचे ड्रायव्हर, दार धरून ओरडत होते, ‘अरे, घे आत!’ निघालो तेव्हा 17 मिनिटं झाली होती. पोटातलं रक्त बाहेरून दाबून थांबत नाही, सलाइननंही नाही. त्याला ऑपरेशन टेबलच लागतं. अडकलेला पेशंट नसेल तर जागेवर 10 मिनिटांच्या आत आटपायचं, हे पुस्तकात होतं, मी पेपरात लिहिलंही होतं. तरी हात सुईकडेच गेले. पुढे कासारवडवलीच्या ट्रॅफिकमध्ये तीच लाइन एका फटक्यात लागली.

त्याचं पुढे काय झालं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

नंतर कॅनडातल्या ओंटारिओचा 2008 चा अभ्यास वाचला. गंभीर जखमींसाठी अॅडव्हान्स सेवा आणली, म्हणजे जागेवरच श्वासनळीत नळी, शिरेतून सलाइन-औषधं, पण जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. शुद्ध मोजणारा ग्लासगो स्कोअर 9 च्या खाली, म्हणजे शुद्ध फारच हरपलेली असलेल्यांत मृत्यू जास्तच दिसले. तरी ‘कोर्सनं काय होतंय’ म्हणणाऱ्या सिनियरचं ऐकू नका. कोर्स वाईट नाही, नवं कार्ड खिशात असलेला माणूस घाई करतो नको तिथे. पहिल्या वर्षी सगळ्यांकडूनच पेशंटची शीर फुटते, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

आता मी गाडीतून उतरतानाच सांगतो, ‘काका, दहा झाली की हाक मारा.’ काका आठव्यालाच हॉर्न देतात.