फुप्फुसाच्या कॅन्सरचा आयएचसी रिपोर्ट कसा वाचायचा

"ताई, बाबांचे ६० टक्के आले. म्हणजे ६० टक्के फुप्फुस गेलं का?"

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याचे हात थरथरत असतात. मी तिथे टिश्यूचे काप काढते, रंग देते. आयएचसी म्हणजे टिश्यूच्या कापाला खास रंग देऊन त्यातली प्रथिनं ओळखायची तपासणी. तिचा रिपोर्ट समजावा म्हणून हे लिहिते आहे.

फुप्फुस गेलं, असा त्याचा अर्थ नाही. रिपोर्टात पीडी-एल१ नावाच्या प्रथिनापुढे लिहिलेला हा आकडा आजार किती पसरला ते सांगतच नाही. बायोप्सीच्या तुकड्यातल्या जिवंत कॅन्सर पेशींपैकी किती पेशींच्या कडेवर हे प्रथिन दिसलं, एवढंच तो सांगतो. स्लाइडवर निळ्या केंद्रकाभोवती तपकिरी बांगडी घातल्यासारखं ते दिसतं. या प्रथिनामुळे शरीराच्या संरक्षक पेशी कॅन्सरवर चालून जात नाहीत, आणि इम्युनोथेरपी हाच अडसर काढते. त्यामुळे पसरलेल्या आजारात आकडा ५० किंवा वर असेल, तर पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषध एकटंही देता येतं. १ ते ४९ असेल तर बहुधा केमोसोबत. शून्य आलं तरी केमोसोबत देतात. म्हणजे आकडा मोठा पाहून रडू नका.

रिपोर्टमध्ये आधी आजाराचा प्रकार बघा. टीटीएफ-१ हे प्रथिन पॉझिटिव्ह असेल तर बहुधा अॅडिनोकार्सिनोमा, पी४० हे प्रथिन असेल तर स्क्वॅमस; हे फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन प्रकार. मग एएलके हे प्रथिन शोधा. ते पॉझिटिव्ह आलं तर त्यावर नेमक्या गोळ्या आहेत आणि त्यांवर कित्येक पेशंट वर्षानुवर्षं चांगले राहतात. ईजीएफआर या जनुकात बदल आहे का, ही तपासणी जनुकांची असते, ती या कागदावर नसेल तर वेगळी विचारा. तब्येत थांबू देत असेल तर हे निकाल हाती येईपर्यंत इम्युनोथेरपीची घाई नको, असं डॉक्टरांशी नक्की बोला. आधी इम्युनोथेरपी आणि लगेच ईजीएफआरची गोळी, असं झालं तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो.

रक्तातलं सीईए, म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवायला मोजतात ते प्रथिन, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत एरवीही वाढलेलं असू शकतं. एका आकड्यावरून काही ठरवू नका, एकाच लॅबमधून पुन्हा करून चढ-उतार बघा.

"किती दिवस?" याचं उत्तर कोणत्याही एका प्रथिनात नाही. स्टेज, वजन किती घटलं, माणूस स्वतः उठून आंघोळ करतो का, हे सगळं धरून डॉक्टर सांगतात. त्यांना हेच विचारा.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. बायोप्सीचा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणातच, जायला हवा. एका काकांचा तुकडा सलाइनमध्ये आमच्याकडे आला, दुसऱ्या दिवशी. पेशी विरघळायला लागल्या होत्या. पीडी-एल१साठी किमान १०० जिवंत कॅन्सर पेशी लागतात, तेवढ्या उरल्याच नव्हत्या. त्या माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. म्हणून बाटली हातात आली की विचारा, "यात फॉर्मॅलिन आहे ना?"

मुंबईला दाखवायला जाताना स्लाइडसोबत मेणाचा ब्लॉकही (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या, पावती जपा. ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. ब्लॉक गाडीत ठेवून जाऊ नका, कापडात गुंडाळून, डब्यात घालून स्वतःजवळ ठेवा. काम झालं की उरलेला ब्लॉक परत आणा, पुढे नवी तपासणी लागली तर तोच कामी येईल.