मिटिंगमधला गंडलेला तर्क कसा पकडायचा (आणि पकडल्यावर काय बोलायचं)

आधी एक सोपी युक्ती सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. समोरचा काहीतरी ठासून बोलला की मनातल्या मनात त्याचे दोन तुकडे करायचे, एक कारण आणि एक निष्कर्ष, आणि मधे 'म्हणून' टाकून परत वाचायचं. समजा सोसायटीच्या मिटिंगमधे कुणी विचारलं की लिफ्टच्या कामाचं कोटेशन एवढं महाग का, आणि त्यावर सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही आधी स्वतःचा मेन्टेनन्स वेळेवर भरा. आता जोडून बघा: 'विचारणारा मेन्टेनन्स उशिरा भरतो, म्हणून कोटेशन महाग नाही.' झालं, सापडलं. तो उशिरा भरत असेल, दंड लावा की खुशाल, पण कोटेशनचा आकडा त्याने एक रुपयाही हलत नाही. ह्याला ॲड होमिनेम म्हणतात, मुद्दा सोडून माणसाला धरणं.

पण थांबा, माणसाबद्दल बोललं की लगेच चूक असंही नाही. कॉन्ट्रॅक्टर सेक्रेटरींचा साडू असेल तर ते विचारायलाच पाहिजे, कारण तिथे त्यांच्या शब्दावर आपण विसंबून आहोत. मात्र 'साडू आहे म्हणून रेट जास्त आहे' हेही सिद्ध होत नाही हां, त्याने फक्त संशयाला जागा मिळते, रेट जास्त आहे की नाही ते अजून दोन-तीन कोटेशन मागवूनच कळणार. लोक नेमके इथे घसरतात, संशय आला की त्यालाच पुरावा समजून बसतात.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे एकापाठोपाठ एक घडलं की पहिल्यामुळेच दुसरं झालं असं धरून चालणं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे आपण येताजाता म्हणतो पण स्वतःच्या बिल्डिंगमधे आलं की विसरतो. उदाहरण घ्या, नवीन कमिटी मार्च अखेरीला आली आणि एप्रिल-मे मधे टँकरचं बिल दुप्पट झालं, लगेच ग्रुपवर सुरू, 'ह्यांच्या हातात कारभार गेला आणि बघा!' अहो पण एप्रिल-मे आहे, पुण्यात अर्ध्या सोसायट्यांच्या गेटवर टँकर उभे असतात तेव्हा. इथे एकच काम करायचं, मागच्या दोन वर्षांची एप्रिल-मेची बिलं काढायची आणि शेजारच्या सोसायटीला त्यांचं ह्या वर्षीचं बिल विचारायचं. तेव्हाही वाढलं होतं आणि त्यांचंही वाढलंय, तर कमिटी सुटली. आपलं एकट्याचंच वाढलं असेल तर मात्र विचारा जाब, तेव्हा तो रास्त आहे. सोपं आहे पण कुणी करत नाही, कारण फाइल शोधायला कपाट उघडावं लागतं आणि ग्रुपवर टाइप करायला नुसता अंगठा पुरतो.

आता हेल्मेट. पुण्यात राहून हा विषय टाळणं शक्य नाही. दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 129 आहेच, पण 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी शहरात कारवाई जोरात सुरू केली तेव्हा घराघरात जे युक्तिवाद ऐकू आले ते तर्कदोष शिकायला एक नंबर मटेरियल आहे.

'आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट सांगा.' ह्यात विषयच बदललाय, खड्ड्यांची तक्रार शंभर टक्के बरोबर पण ती वेगळी तक्रार आहे. 'म्हणून' लावून बघा, 'रस्त्यात खड्डे आहेत म्हणून हेल्मेट नको', उलट खड्डे असतील तर जास्तच घालायला पाहिजे की! 'आमच्या आजोबांनी आयुष्यभर लुना चालवली, काही झालं नाही.' आजोबांना दीर्घायुष्य लाभलं ह्याचा आनंदच आहे, पण ज्यांना काही झालं ते सांगायला येत नाहीत ना, आपल्यापर्यंत फक्त वाचलेल्यांचेच किस्से पोचतात. 'म्हणजे आम्हाला गाडी चालवता येत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?' असं कुणीच म्हटलेलं नसतं, हा स्ट्रॉ मॅन, आपल्या तोंडात भलतंच वाक्य घालून मग त्याला झोडपायचं. ह्यावर चिडून उत्तर देत बसू नका, शांतपणे 'नाही, मी एवढंच म्हणालो की...' करून स्वतःचं मूळ वाक्य जसंच्या तसं परत म्हणा.

आणि एक युक्तिवाद राहिला, 'गावात स्पीडच कुठे असतो, काय गरज?' तर हा तर्कदोष नाहीये! हे मुद्द्याला धरून आहे, चूक असेल तर माहितीने खोडावं लागेल. 2008 साली कोक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) बरेच अभ्यास एकत्र करून जो आढावा घेतला त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा 69 टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. आता समोरचा म्हणेल हे आकडे आमच्या लक्ष्मी रोडच्या स्पीडला लागू होतात कशावरून, तर तो प्रश्नही योग्यच आहे, घाला वाद, असा वाद घालायला मजा येते.

तसंच दुसऱ्या बाजूचंही. 'फॉरेनला सगळे घालतात म्हणून आपणही घालायचं' हा युक्तिवाद अगदी लंगडा आहे, पण त्यामुळे हेल्मेट घालू नये असं ठरत नाही. कारण फुसकं निघालं की निष्कर्षही खोटा, असं समजणं हीसुद्धा चूकच, आणि चार तर्कदोषांची नावं नवीन नवीन पाठ केलेल्या लोकांना ही हमखास होते.

रिडेव्हलपमेंटमधे 'एकतर सही करा नाहीतर बिल्डिंग डोक्यावर पडायची वाट बघा' हे ऐकलं नाही असा माणूस कोथरूड-कर्वेनगरात सापडणं अवघड आहे. दोनच दारं दाखवली की तिसरं शोधायचं. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालंय का हे विचारा, आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि 30 च्या वरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी ते व्हायलाच हवं. रिपोर्टमधे दुरुस्ती करून भागेल असं असेल तर तिसरं दार आहे, आणि धोकादायक असंच आलं असेल तर मग खरंच दोनच दारं आहेत, मान्य करा आणि सही कुठल्या अटींवर करायची ह्यावर भांडा.

बाकीचे पटकन. 'आज एकाला कुत्रं पाळू दिलं की उद्या गच्चीवर गोठा होईल', इथे मधल्या प्रत्येक पायरीला कारण मागायचं. 'माझा मेहुणा आयटीत आहे, तो म्हणाला बोअरला पाणी लागणार', मेहुणा हुशार असेल पण बोअरचं भूजलवाल्याला विचारू. 'आपल्याकडे असंच चालतं कारण पहिल्यापासून असंच चालत आलंय', हे गोल फिरून तिथेच आलं.

आता बोलायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं. 'काका, हा तुमचा ॲड होमिनेम झाला' असं भर मिटिंगमधे त्या सेक्रेटरींना म्हणालात तर काका बाजूला राहतील, काकूच तुम्हाला सोडणार नाहीत. नावं आपल्या डोक्यात ठेवायची आणि तोंडाने फक्त प्रश्न विचारायचा: 'काका, मेन्टेनन्सचं पुढच्या विषयात घेऊ, कोटेशनचं आधी सांगा ना.' घरी आत्याशी वगैरे वाद असेल तर अजून मऊ, 'आत्या, तू म्हणतेस ते असेलही, पण त्यावरून हे कसं ठरतं ते मला कळलं नाही.' बहुतेक वेळा आत्या स्वतःच अर्ध्यात थांबते.

एका प्रकारावर मात्र हा इलाज चालत नाही. आपल्याकडच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद म्हणजे खरं काय ते शोधण्यासाठीची चर्चा, जल्प म्हणजे कसंही करून जिंकण्यासाठीची, आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं. प्रत्येक सोसायटीत एक वितंडावाले असतात, सोलर नको, टँकर नको, बोअर नको, पाइपलाइनचं कामही नको. त्यांचा एकेक आक्षेप खोडत बसू नका, रात्रीचे अकरा वाजतील. सरळ विचारायचं, 'बरं, मग तुमच्या मते काय करायचं?' पुन्हा नुसता आक्षेपच आला तर आणखी एकदा विचारायचं, आणि तरीही उत्तर नाही आलं तर त्यांचा विरोध मिनिट्समधे नोंदवून घ्या आणि ठराव मताला टाका.